वाफ दाबायची कशाने? हीट पंपासाठी स्टीम कॉम्प्रेसर निवडताना...

वाफाळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय.

आमच्या इव्हॅपोरेटरमधून, म्हणजे द्रावण उकळून आटवणाऱ्या यंत्रातून, ताशी अडीच टन वाफ निघते. तापमान १०० अंशांच्या आसपास, दाब वातावरणापेक्षा किंचित वर. ही सगळी वाफ आज कंडेन्सरमध्ये जाते, कूलिंग टॉवरचं पाणी तिची उष्णता घेतं आणि हवेत सोडून देतं. तिथून वीस पावलांवर ड्रायर आहे. त्याच्या कॉइलला बॉयलरची स्टीम लागते, गेजवर ३ बार, म्हणजे हवेचा दाब धरून निरपेक्ष ४ बार. एकीकडे वाफ विझवायची आणि शेजारीच इंधन जाळून नवी करायची, हे रोज बघवत नाही.

कल्पना साधी आहे. तीच वाफ कॉम्प्रेसरने दाबून ड्रायरला द्यायची. हीट पंपच, म्हणजे कमी तापमानाची उष्णता उचलून वरच्या तापमानाला देणारं यंत्र; फक्त त्यात फिरणारं रेफ्रिजरंट म्हणजे पाणी. पण कॉम्प्रेसर कोणता? एक प्रस्ताव पाणी फवारणाऱ्या स्क्रूचा आलाय, ज्यात दोन मळसूत्री रोटर एकमेकांत फिरतात; दुसरा चार टप्प्यांच्या टर्बोचा, ज्यात पात्यांचं चाक (इम्पेलर) वेगाने फिरतं. तिसरे एक गृहस्थ पिस्टनशिवाय दुसरं काही घेऊच नका म्हणतात. प्रत्येकाचा कागद वाचला की तोच बरोबर वाटतो. ज्यांनी ही यंत्रं चालवलीत, उघडलीत, त्यांचं ऐकायचंय.

पहिली_पायरी

बाळबोध प्रश्न, शिकतेय म्हणून विचारते. शीतगृहात असतो तसा नेहमीचा हीट पंप मोठ्या मापाचा घेतला तर नाही का चालणार? मुळात वाफ दाबायच्या भानगडीत का पडायचं?

एन्ट्रॉपी

@पहिली_पायरी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. उष्णता द्यायची तर रेफ्रिजरंट त्या तापमानाला द्रवरूप झालं पाहिजे, आणि क्रांतिक तापमानाच्या वर ते द्रवरूप होतच नाही. आर-१३४ए साठी ही मर्यादा १०१ अंश, अमोनियासाठी १३२. ब्यूटेन १५२ पर्यंत जातं, पण ते ज्वालाग्राही. नवी एचएफओ रेफ्रिजरंट्स १६५-१७० पर्यंत पोचतात. पाण्याची मर्यादा ३७४ अंश. शिवाय पाणी विषारी नाही, पेटत नाही, ओझोनला किंवा हवामानाला त्याचा धक्का नाही. रेफ्रिजरंटच्या यादीत त्याला आर-७१८ असा नंबरही आहे.

त्यातून वाफाळ यांच्याकडे वाफ तयारच आहे. मध्ये दुसरं रेफ्रिजरंट आणलं तर दोन उष्णता विनिमयक वाढतात, आणि प्रत्येक ठिकाणी पाच-सात अंश फुकट जातात.

सहज_सुचलं

म्हणजे पाण्याला पाण्यानेच तापवायचं! काट्याने काटा काढतात तसं. वाचतोय, चालू द्या.

जुना_फिटर

टर्बोबद्दल मी सांगतो. सात वर्षं एका वाफेच्या टर्बोची देखभाल केली आहे.

यंत्र म्हणून देखणं. चालू असताना जवळ उभं राहिलं तर फक्त बारीक शीळ ऐकू येते. पण इव्हॅपोरेटरची वाफ कधीच कोरडी नसते, बरोबर बारीक थेंब येतात. पहिल्यांदा केसिंग उघडलं तेव्हा इम्पेलरच्या पात्यांची पुढची धार बघून मी हादरलो. बोट फिरवलं तर खरखरीत, जशी वाळवी लागलेली चौकट. पातं सेकंदाला साडेतीनशे मीटर वेगाने धावतं, त्या वेगाला पाण्याचा थेंब म्हणजे छर्राच. आणि थेंबांतून आलेला माल पात्याच्या पाठीवर पापुद्र्यासारखा बसला होता. तोही सगळीकडे सारखा नाही, म्हणून तोल गेलेला. व्हायब्रेशनचा आलेख सहा आठवडे हळूहळू चढत होता, आणि आम्ही बेअरिंगवर संशय घेत बसलो होतो.

नंतर डेमिस्टर, म्हणजे वाफेतले थेंब अडवणारी जाळी, मोठा केला, पाइपाला उतार दिला, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ड्रेन बसवला. त्यानंतर चार वर्षं इम्पेलरला हात लावावा लागला नाही. तेव्हा टर्बो वाईट नाही, टर्बोच्या आधीचं पाइपकाम वाईट असतं. घेणार असाल तर पहिला विचार डेमिस्टरचा करा.

शून्य_गळती

जुना_फिटर यांना +१. आमच्याकडे डेमिस्टरची जाळी खालून चोंदली होती. वरून झाकण काढून बघितली तर स्वच्छ! खालून आरसा धरला तेव्हा कळलं.

ऊर्जालेखा

ऊर्जा लेखापरीक्षण हेच माझं काम, त्यामुळे यंत्राआधी आकड्यांकडे बघायची सवय आहे. वाफाळ, तीन गोष्टी सांगा:

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नक्की किती दाब मिळणार? वाफेचा प्रवाह दिवसभर सारखा आहे की वर-खाली होतो? आणि ड्रायरला गेजवर ३ बार लागतात हे कुणी ठरवलं?

वाफाळ

ताई, तोंडाशी निरपेक्ष १.०५ बार धरा. प्रवाह साधारण सारखा, पण साफसफाईच्या वेळी दिवसातून दोनदा ४० टक्क्यांपर्यंत उतरतो. ३ बार तर पहिल्यापासूनच आहेत, हेडरच (स्टीमचा मुख्य पाइप) त्या दाबाला लावलेला आहे.

एन्ट्रॉपी

वाफेच्या कोष्टकातून गणित करून बघितलं. आकडे जवळपासचे आहेत.

१ बारला संपृक्त, म्हणजे उकळबिंदूवरच असलेल्या, वाफेचं आकारमान किलोला १.७ घनमीटर. तोंडाशी १.०५ बार धरले की अडीच टनांचे ताशी ४,००० घनमीटर होतात. आता १ वरून ४ बारला न्यायचं. आदर्श कॉम्प्रेसरला किलोमागे २८० किलोज्यूल लागतील, ७० टक्के कार्यक्षमता धरली तर ४००. म्हणजे कॉम्प्रेसरच्या दांड्यावर (शाफ्टवर) २७५-२८० किलोवॉट.

आता गंमत बघा. ४ बारला पाणी उकळतं १४४ अंशाला, पण मध्ये कुठे थंड केली नाही तर कॉम्प्रेसरमधून वाफ बाहेर येते जवळजवळ ३०० अंशांवर! उकळबिंदूच्या वर दीडशे अंश, म्हणजे दीडशे अंशांचं सुपरहीट. कॉइलला हे नकोच असतं, कारण सुपरहीट वाफ भिंतीला उष्णता फार आळसाने देते. म्हणून तिच्यात गरम कंडेन्सेट, म्हणजे कॉइलमध्ये वाफेचं झालेलं पाणी, फवारायचं. फवारलेलं पाणी स्वतःच वाफ होतं, आणि अडीच टनांची वाफ २.८५ टन होते. कॉम्प्रेसरला घातलेली वीज वाया गेली नाही, तिचीच वाफ झाली.

कंडेन्सेशनची उष्णता आणि दांड्यावरची शक्ती यांचं गुणोत्तर, म्हणजे सीओपी, सुमारे ६. मोटर आणि ड्राइव्हचं नुकसान धरून साडेपाच.

पहिली_पायरी

दीडशे अंशांचं सुपरहीट? इतर रेफ्रिजरंट्समध्ये तर कॉम्प्रेसरबाहेर वीस-तीस अंशच दिसतात.

एन्ट्रॉपी

पाण्याचा रेणू छोटा आहे, तीन अणूंचा, रेणुभार १८. आर-१३४ए चा १०२. मोठ्या रेणूला उष्णता सामावायला जागा जास्त, म्हणून तो दाबला तरी फार तापत नाही. पाण्याकडे तेवढी जागा नाही.

आणि याच हलकेपणामुळे टर्बोवाल्यांची कसोटी लागते. टर्बो गतीतून दाब तयार करतो. वायू हलका असला की तेवढ्याच दाबासाठी पातं जास्त वेगाने फिरवावं लागतं. १०० अंशांच्या वाफेत ध्वनीचा वेगच सेकंदाला सुमारे ४७० मीटर आहे, साध्या हवेत ३४३. म्हणून एका टप्प्यात दाब दीडपट-पावणेदोनपट झाला तरी खूप म्हणायचं. त्यापुढे टायटॅनियमचा इम्पेलर किंवा जास्त टप्पे. चौपट दाबासाठी वाफाळ यांना चार टप्प्यांचा प्रस्ताव आला तो यामुळेच. दोन टप्प्यांमध्ये पाणी फवारून थंड केलं की पुढच्या टप्प्याचं काम हलकं होतं.

चक्रधर

मी स्क्रूवाला. आमच्याकडे पाणी फवारणाऱ्या स्क्रूला पाच वर्षं होतील.

स्क्रूची मुख्य खुबी अशी की पाणी थेट रोटरच्या पोटात फवारता येतं. वाफ दाबली जात असतानाच पाणी उष्णता पिऊन वाफ होत राहतं, त्यामुळे तापमान संपृक्ततेच्या जवळच राहतं, ३०० अंशांचा प्रश्नच उरत नाही. शिवाय रोटर आणि केसिंग यांच्यातली फट पाण्याने भरते, गळती कमी होते. आणि थेंबांचं टर्बोला जेवढं भय तेवढं याला नाही. स्क्रू पाणी गिळतो.

चौपट दाब एका झटक्यात मिळतो, सर्ज (कमी प्रवाहाला वाफ मागे फिरणं) नाही, वेग कमी करून ४० टक्क्यांवर आरामात चालतो. वाफाळ यांची साफसफाईची वेळ याच यंत्राला सोयीची.

जुना_फिटर

चक्रधर, सगळं मान्य. पण तेलाचं सांगा की.

चक्रधर

सांगतो, लपवण्यासारखं काही नाही.

रोटर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बाहेर टायमिंग गिअर, त्याला तेल. तेल आणि वाफ यांच्यामध्ये सील. तिसऱ्या वर्षी एका सकाळी फेरी मारताना तेलाच्या काचेत बघितलं तर तेल ताकासारखं पांढरं! सीलमधून वाफ झिरपली, गिअरबॉक्समध्ये तिचं पाणी झालं, तेलात घुसळलं गेलं. त्याच दिवशी थांबवलं म्हणून बेअरिंगं वाचली. कार्बनच्या रिंगा झिजल्या होत्या, आणि त्यांच्यामधली गळती बाहेर काढणारी नळी कुणीतरी व्हॉल्व्हने बंद करून ठेवली होती, वाफ उडताना दिसते म्हणून.

दुसरी गोष्ट, फवारायचं पाणी. क्षार असलेलं पाणी आत वाफ झालं की क्षार रोटरवरच राहतात. फटी मुळात मिलिमीटरच्या अंशात, तिथे पापुद्रा बसला की घासलंच. निव्वळ मृदू केलेलं पाणी पुरत नाही, डीमिनरलाइज्डच हवं. वाहकता मोजणारा मीटर लाइनवर लावा, अलार्मसकट.

मधुमालती

सीलवरून आठवलं. काही ठिकाणी वाफ बाहेर येऊ नये म्हणून सीलमध्ये हवा किंवा नायट्रोजन देतात. त्यातला थोडा वायू वाफेबरोबर जातो आणि कॉइलमध्ये अडकून बसतो, कारण तो द्रवरूप होत नाही. आमच्या कॉइलचा शेवटचा भाग हाताला थंड लागायचा. सगळे स्टीम ट्रॅपला, म्हणजे कॉइलमधलं पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या झडपेला, दोष देत होते, तीन ट्रॅप बदलून झाले. शेवटी कॉइलच्या टोकाला एअर व्हेंट बसवला, आणि अर्ध्या तासात कॉइल टोकापर्यंत तापली. वाफाळ, व्हेंट विसरू नका.

बॉयलर_नंबर_दोन

इतकी गुंतागुंत कशाला? स्टीम इजेक्टर लावा. एकही फिरता भाग नाही, सील नाही, तेल नाही. बॉयलरची जास्त दाबाची स्टीम नोझलमधून सोडली की ती कमी दाबाची वाफ ओढून घेते आणि मधल्या दाबाची स्टीम मिळते. आमचा इजेक्टर मी रुजू व्हायच्या आधीपासून चालू आहे आणि त्याला एकदाही पाना लागलेला नाही.

ऊर्जालेखा

@बॉयलर_नंबर_दोन दादा, इजेक्टरवर माझंही प्रेम आहे. इव्हॅपोरेटरमध्ये दहा-पंधरा अंशांच्या चढासाठी त्याच्याइतकं सरळ काही नाही. पण इथे चौपट दाब हवा. एवढ्या चढाला एक किलो वाफ ओढायला कित्येक किलो जास्त दाबाची स्टीम लागेल, आणि ती बॉयलरच देणार. वाफाळ यांना बॉयलरच तर कमी करायचा आहे. शिवाय इजेक्टर एकाच कामबिंदूवर खुलतो. प्रवाह ४० टक्क्यांवर आला की त्याचा जीव जातो.

बॉयलर_नंबर_दोन

हे पटलं. चौपटीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जलतरंग

थोडं अवांतर, पण विषयाच्या मुळाशी जाणारं. वाफ दाबून तीच परत वापरायची ही कल्पना १८५० च्या दशकातली. ऑस्ट्रियातल्या एबेनझे इथल्या मिठागरात पेटर फॉन रिटिंगर यांनी खारं पाणी आटवताना निघालेली वाफ दाबून तीच तापवायला वापरायचा प्रयोग केला. पुढे १८७७ साली स्वित्झर्लंडमधल्या बे इथल्या मिठाच्या कारखान्यात असं यंत्र नीट चालू झालं. म्हणजे आज ज्याला आपण उच्च तापमानाचा हीट पंप म्हणतो, त्याचा जन्म मिठातून झाला. मला ही गोष्ट फार आवडते.

सहज_सुचलं

खाल्ल्या मिठाला जागणारं तंत्रज्ञान! आवडलं.

दाबतोल

पिस्टनची बाजू कुणीच घेत नाहीये, मी घेतो.

वाफेचा तोंडाशी दाब २-३ बार असेल आणि ८-१० बारच्या पुढे न्यायचा असेल, तर पिस्टनला तोड नाही. दाबाचं गुणोत्तर बदललं तरी त्याची कार्यक्षमता फारशी ढळत नाही. पण वाफाळ, तुमच्या जागी नको. ताशी ४,००० घनमीटर गिळायचे तर सिलिंडर अगडबंब होतील, पाया वेगळा ओतावा लागेल, आणि आघातांनी पाइप थरथरतील ते निराळंच. तेल वाफेत जायला नको म्हणून रिंगा बिनतेलाच्या, त्या ठरलेल्या तासांनी बदलाव्याच लागतात.

आणि पिस्टन पाण्याला क्षमा करत नाही. एकदा थंड यंत्र घाईत सुरू केलं. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी निघायच्या आत पिस्टन वर आला. हातोडा मारल्यासारखा एकच आवाज, आणि व्हॉल्व्हच्या पट्टीचे तीन तुकडे. ते तुकडे मी अजून टेबलावर ठेवले आहेत, नव्या मुलांना दाखवायला. त्या दिवसापासून सुरू करण्याआधी जॅकेट गरम करणं आणि ड्रेन उघडे ठेवणं यात कुणालाच सूट नाही.

पहिली_पायरी

आणि वाफ १०० ऐवजी ६० अंशांची असती तर? आमच्या प्रकल्पात ६० अंशांचं सांडपाणी आहे.

एन्ट्रॉपी

तर सरळ वाफ दाबू नका. ६० अंशांना वाफेचा दाब ०.२ बार आणि आकारमान किलोला साडेसात घनमीटरच्या वर. त्याच उष्णतेसाठी साडेचार पट मोठं यंत्र, आणि सगळी पाइपलाइन निर्वातात. एखाद्या फ्लँजमधून जराशी हवा शिरली की कंडेन्सेशन बिघडतं.

अशा वेळी दोन मजली मांडणी करतात. खालच्या मजल्यावर नेहमीच्या रेफ्रिजरंटचा हीट पंप, तो ६० अंशांवरून १०० च्या वरची वाफ तयार करतो. वरच्या मजल्यावर स्टीम कॉम्प्रेसर. जपानच्या कोबेल्कोने २०११ मध्ये आणलेलं एसजीएच १६५ हे यंत्र याच मांडणीचं. १६५ हा आकडा म्हणजे स्टीमचं तापमान. त्याचं धाकटं भावंड एसजीएच १२० मात्र स्टीम कॉम्प्रेसरशिवाय १२० अंशांपर्यंत जातं.

रानवारा

युरोपच्या ड्रायएफिशियन्सी प्रकल्पात याच्या उलट टोकाचा विचार दिसतो. तिथे नॉर्वेच्या गटाने गाळ वाळवताना निघालेली वाफ दाबायला मोटारगाडीच्या सुपरचार्जरच्या घराण्यातला टर्बो वापरला. हजारोंनी बनणारी छोटी वस्तू उचलायची आणि वाफेसाठी घडवायची. मोठी यंत्रं एकेक करून घडवण्यापेक्षा मला हा रस्ता जास्त आशादायक वाटतो. छोट्या कारखान्यांपर्यंत हे तंत्र पोचायचं तर असंच पोचेल.

जुना_फिटर

रानवारा, कल्पना चांगली. पण गाडीचा सुपरचार्जर आयुष्यभरात जितके तास धावतो तितके कारखान्यात वर्षभरात भरतात. बेअरिंग आणि गिअर कारखान्याच्या तासांचे हवेत.

रानवारा

बरोबर, म्हणूनच प्रात्यक्षिकाची गरज होती. कॉम्प्रेसरचं चाक घ्यायचं, पण बेअरिंगची उसनवारी करायची नाही, असं म्हणू.

मधुमालती

टर्बो निवडलात तर सर्जचं एक सांगते. प्रवाह कमी झाला की वाफ पुढे ढकलली जाण्याऐवजी मागे फिरते, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. धाप लागलेल्या जनावरासारखा आवाज येतो आणि जमीन हादरते. ते टाळायला थोडी दाबलेली वाफ परत तोंडाशी आणतात. पण ती वाफ तापलेली असते! तशीच आणली तर तोंडाशी तापमान वाढतं, आकारमान वाढतं, बाहेर आणखी गरम वाफ निघते, तीच परत येते. आमच्याकडे वीस मिनिटांत यंत्र तापमानावर ट्रिप झालं होतं. परतीच्या पाइपात पाण्याचा फवारा हवाच, आणि फवाऱ्यापासून कॉम्प्रेसरच्या तोंडापर्यंत थेंब विरायला पुरेसं सरळ अंतर. नाहीतर जुना_फिटर यांची वाळवी.

वाफाळ

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून फाइलला लावलंय. माझा कल आता स्क्रूकडे आहे.

ऊर्जालेखा

वाफाळ, माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. हेडर ३ बारला लावलाय हे हेडरबद्दल झालं. ड्रायरला काय लागतं? ड्रायरची हवा किती अंशांना तापवता?

वाफाळ

११० अंश.

ऊर्जालेखा

मग १४४ अंशांची वाफ कशाला? कॉइलच्या आधी कंट्रोल व्हॉल्व्ह असेल. त्याच्या पुढे, अगदी कॉइलच्या तोंडाशी, एक गेज लावा आणि पूर्ण माल चालू असताना वाचा. व्हॉल्व्हच्या मागचा दाब सांगू नका, पुढचा सांगा. बॉयलरकडे दाब फुकट असतो, व्हॉल्व्हमध्ये मारला तरी कुणाला कळत नाही. कॉम्प्रेसरकडे प्रत्येक बारसाठी वीज मोजावी लागते.

चक्रधर

ताई म्हणतात ते करा. स्क्रूवाला असूनही सांगतो.

वाफाळ

नऊ दिवसांनी परत आलोय, कारण गेज बसवायला शटडाउनची वाट बघावी लागली.

पूर्ण माल, ओलावा सगळ्यात जास्त, अशा पाळीत तीन दिवस वाचलं. कॉइलच्या तोंडाशी गेजवर १.२ बारच्या वर काटा एकदाही गेला नाही. दुपारी तर १ च्याही खाली होता. म्हणजे निरपेक्ष २.२ बार, १२३ अंश. कंट्रोल व्हॉल्व्ह इतकी वर्षं अर्धा बंद राहून ३ चे १.२ करत होता. शेजारी उभा असलेला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हा व्हॉल्व्ह कधी पूर्ण उघडलेला मी बघितलाच नाही." आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

एन्ट्रॉपी

अरे वा! लगेच गणित. १ वरून २.२ बार, कार्यक्षमता ७२ टक्के. किलोमागे सुमारे २०५ किलोज्यूल, दांड्यावर १४५ किलोवॉटच्या आत. आधीच्या जवळपास निम्मे. सीओपी ६ वरून ११ च्या पुढे. दोन टप्प्यांच्या टर्बोला हे सहज जमेल, प्रत्येक टप्प्यात दीडपट. पात्याचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास, त्यात काही धाडस नाही. फवारणीतून मिळणारी जादा वाफ मात्र १४-१५ टक्क्यांवरून ७ वर येईल, ते उष्णतेच्या हिशोबात धरा.

मधुमालती

मग आता पारडं टर्बोकडे झुकतं. सील सोपी, रोटर एकमेकांना लागायची भीती नाही. दोन टप्पे दोन वेगळ्या मोटरांवर घेतलेत तर साफसफाईच्या वेळी वेग वेगवेगळे जुळवता येतील.

चक्रधर

४० टक्क्यांचं काय? टर्बो तिथे परतीच्या वाफेवर वीज जाळत बसेल. स्क्रू फक्त हळू फिरेल. मी माझं मत सोडत नाही. वाफाळ, साफसफाई दिवसाला किती वेळ चालते ते बघा.

वाफाळ

दोन्ही मिळून पाऊण तास.

चक्रधर

मग हरलो. पाऊण तासासाठी स्क्रू नको. टर्बो घ्या, पण डेमिस्टर जुना_फिटर सांगतील तसा.

जुना_फिटर

थांबा, एक गोष्ट कुणी बोललं नाही. कॉइलचं कंडेन्सेट ट्रॅपनंतर कुठे जातं? वर चढतं का?

वाफाळ

हो, छताजवळच्या परतीच्या पाइपाला. सहा मीटर चढ.

जुना_फिटर

सहा मीटर म्हणजे ०.६ बार तिथेच गेले. कमी मालाला कॉइलमध्ये गेजवर पाऊण बार उरला की ट्रॅपला पाणी ढकलायला जोरच राहत नाही. कॉइल खालून पाण्याने भरेल, ठोके ऐकू येतील, आणि सगळे कॉम्प्रेसरला शिव्या देतील. आज व्हॉल्व्ह फार मिटला की हे थोडं होतच असणार. कॉइलच्या तळाची नळी हाताला कोमट लागते का बघा.

वाफाळ

आत्ता जाऊन आलो. खालच्या दोन रांगा कोमट आहेत. तीच दोन वर्षांपूर्वी फुटून बदललेली जागा.

जुना_फिटर

मग आधी ते. ट्रॅपखाली छोटी टाकी आणि कंडेन्सेट पंप. टाकी कॉइलच्या तळापेक्षा निदान अर्धा मीटर खाली हवी, जमिनीत खड्डा घ्यावा लागला तरी चालेल. कॉम्प्रेसर यायला कित्येक महिने लागतील, पंप पुढच्या शटडाउनला बसेल. आणि त्याच पंपाच्या बाहेरून फवारणीसाठी गरम कंडेन्सेटची एक फांदी काढून ठेवा, पुढे लाइन तोडायला नको. फक्त त्या फांदीवर चक्रधर यांचा वाहकतेचा मीटर.

वाफाळ

फांदीचा फ्लँज ड्रॉइंगमध्ये टाकला. खड्डा उद्या आखतो.